गुरुत्वीय क्षेत्रावरून विभव काढताना: आधी ‘कुठून कुठे’, मग इंटिग्रेशन

क्षेत्र (त्या जागी एक किलोवर पडणारी गुरुत्वाची ओढ) दिलंय, विभव काढा. हे गणित सोडवलेल्या वह्या पाहिल्या की एक गोष्ट सारखी दिसते. इंटिग्रेशन बहुतेकांचं बरोबर असतं आणि उत्तर तरीही चुकलेलं असतं. कुणाचं चिन्ह उलटं, कुणाचा एक स्थिरांक गायब, कुणी एक पद दोनदा मोजलेलं. मूळ शोधत वर गेलं की चूक सापडते ती पहिल्या ओळीत, म्हणजे जी ओळ लिहायलाच हवी होती आणि लिहिलीच नाही तिच्यात: कुठून निघालो आणि कुठे पोचलो.

मीही बरेच दिवस विभवाकडे तापमानासारखं पाहत होतो. बिंदू दाखवा, आकडा सांगतो. पण विभव हा प्रवासाचा हिशेब आहे. एक किलो वस्तुमान अगदी सावकाश अ या जागेवरून ब या जागेवर न्यायला बाहेरून जितकं कार्य करावं लागतं, तितका ब आणि अ यांच्या विभवांतला फरक. ‘ब चा विभव’ असं आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा अ ही जागा मनात धरलेली असते, एवढंच.

चिन्हं आधी ठरवून घेऊ. विभवाला ‘वि’, क्षेत्राला ‘ग’, केंद्रापासूनच्या अंतराला ‘आर’, गोलाच्या त्रिज्येला ‘त्रि’. गुरुत्व स्थिरांक आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराला ‘जीएम’ असं एकत्रच लिहीन. खगोलशास्त्रातही हा गुणाकार एकत्रच वापरतात, कारण पृथ्वीचा जीएम उपग्रहांच्या कक्षांवरून फार अचूक कळतो. नुसता गुरुत्व स्थिरांक मोजणं त्याहून कितीतरी अवघड आहे. पृथ्वीसाठी जीएम = ३.९८६ × १०^१४ मीटर³/सेकंद².

मूळ सूत्र असं:

वि(ब) − वि(अ) = −∫ ग · डीएल, मर्यादा अ पासून ब पर्यंत

ग सदिश आहे, डीएल हे मार्गावरचं इवलंसं विस्थापन, आणि मधला ठिपका म्हणजे डॉट गुणाकार. बाहेरचं ऋण चिन्ह कशाला, हे एकदा हाताने करून पाहा. वर चढताय, क्षेत्र खाली ओढतंय. दोन्ही दिशा उलट, म्हणून गुणाकार ऋण. बाहेरच्या ऋणामुळे तो धन होतो आणि विभव वाढतो. चढताना विभव वाढलाच पाहिजे, उतरताना घटलाच पाहिजे. पुढे कुठेही चिन्हाबद्दल शंका आली तर सूत्राकडे न जाता या वाक्याकडे परत यायचं.

पायरी १: शून्य कुठे, ते लिहून टाका

पहिली ओळ अशी असावी: ‘अनंतावर वि = ०’ किंवा ‘जमिनीवर वि = ०’ किंवा ‘आर = १० वर वि = ०’. यातलं कुठलंही एक चालतं, पण लिहिलेलं पाहिजे. मर्यादित आकाराच्या वस्तूसाठी, म्हणजे ग्रह, गोल, कडं यांसाठी अनंत सोयीचं. जमिनीजवळच्या एकसमान क्षेत्रात जमीन सोयीची. तिथे वि = ९.८ × उंची, म्हणजे प्रत्येक मीटरला ९.८ जूल प्रति किलोग्रॅम, आणि विषय संपला.

पायरी २: विभव काढता येतो का, ते तपासा

क्षेत्र केंद्राकडे रोखलेलं असेल आणि फक्त अंतरावर अवलंबून असेल तर तपासायची गरजच नाही, विभव असतोच. पण क्षेत्र घटकांच्या रूपात दिलं असेल तर आधी चाळणी लावायची. क्ष दिशेचा घटक प, य दिशेचा घटक फ. ∂प/∂य म्हणजे क्ष ला स्थिर धरून प चं य वर विकलन. अट अशी:

∂प/∂य = ∂फ/∂क्ष

प = य, फ = −क्ष घ्या. डावीकडे १, उजवीकडे −१. अट मोडली. याचा अर्थ काय, ते मार्गावर दिसतं: मूळबिंदूभोवती एकक त्रिज्येच्या वर्तुळावर एक पूर्ण फेरी मारून निघाल्या जागी परत आलात तर ∫ ग · डीएल शून्य येत नाही, २π येतं (फेरीच्या दिशेनुसार धन किंवा ऋण). त्याच बिंदूला दोन वेगळे विभव कसे देणार? असं क्षेत्र स्थिर वस्तुमानांचं गुरुत्वीय क्षेत्र असूच शकत नाही. त्यामुळे परीक्षेत अट मोडलेली दिसली तर आधी आपण गणित नीट उतरवून घेतलंय का ते बघा. तिन्ही दिशांचे घटक असतील तर अशा तीन अटी लागतात, प्रत्येक जोडीची एक.

पायरी ३: मार्ग निवडा आणि चिन्हाला एकदाच हात लावा

अट पाळली गेली की कोणताही मार्ग चालतो. मग सोपाच घ्यायचा. केंद्रीय क्षेत्रात त्रिज्येवरून सरळ जायचं. मधे आडवं जावं लागलंच तर केंद्राभोवतीच्या कमानीवरून जायचं, कारण तिथे क्षेत्र विस्थापनाला लंब असतं आणि त्या तुकड्याचा हिशेब शून्य.

बिंदूवस्तुमानाचं क्षेत्र घेऊ. बाहेरची दिशा धन धरली तर ग = −जीएम/आर². हे ऋण चिन्ह ‘आत ओढतं’ असं सांगणारं. आता अनंतापासून आर पर्यंत:

वि(आर) − ० = −∫ (−जीएम/आर²) डीआर, मर्यादा ∞ पासून आर
= जीएम × [−१/आर], मर्यादा ∞ पासून आर
= −जीएम/आर

इथेच सगळ्यात जास्त माणसं पाय घसरून पडतात. विचार असा चालतो: ‘मी अनंताकडून आत येतोय, म्हणजे विस्थापन आतल्या दिशेला, म्हणजे डीआर च्या जागी −डीआर लिहायला हवं.’ लिहिलं की उत्तर +जीएम/आर. विचार ऐकायला अगदी पटण्यासारखा आहे, म्हणून तर तो इतका टिकून आहे. गोम अशी की आत येण्याची दिशा मर्यादांनी आधीच सांगितलेली असते. मोठ्या संख्येकडून लहान संख्येकडे इंटिग्रेशन करताना डीआर आपोआप ऋण असतं. त्यावर हाताने आणखी एक ऋण लावलं की तीच दिशा दोनदा मोजली जाते. नियम असा ठेवा: घटकाचं चिन्ह क्षेत्रात, प्रवासाची दिशा मर्यादांत, आणि डीआर ला स्पर्श नाही.

आता आकडे टाकू. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. जीएम/त्रि = ६.२६ × १०^७, म्हणजे पृष्ठभागावर विभव −६.२६ कोटी जूल प्रति किलोग्रॅम. जूल प्रति किलोग्रॅम म्हणजेच मीटर²/सेकंद², वेगाचा वर्ग. हे एकक नुसतं पाठ करण्यासारखं नाही, ते कामाला येतं: ऋण चिन्ह सोडून विभवाच्या किमतीची दुप्पट करून वर्गमूळ काढा, ११.२ किलोमीटर प्रति सेकंद मिळतात. हाच पृथ्वीचा मुक्तिवेग, म्हणजे तिच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग.

४०० किलोमीटर उंचीवर काय? आर = ६,७७१ किलोमीटर, वि = −५.८९ कोटी. फरक सुमारे ३७ लाख जूल प्रति किलोग्रॅम. हाच फरक ९.८२ × उंची या सोप्या सूत्राने काढला तर ३९.३ लाख येतो, सुमारे ६ टक्के जास्त. चढताना क्षेत्र कमी होत जातं, सोपं सूत्र ते मोजत नाही. डोंगराच्या उंचीपर्यंत हा फरक सोडून द्यायला हरकत नाही. कक्षेपर्यंत जायचं तर नाही.

क्षेत्राचं सूत्र मधेच बदलतं तेव्हा

एकसमान घनतेच्या गोलाचं क्षेत्र बाहेर −जीएम/आर², आणि आत −जीएम × आर/त्रि³. आत आर पेक्षा दूर असलेल्या कवचांचं ओढणं एकमेकांना रद्द करतं. हे न्यूटनने १६८७ मध्येच सिद्ध करून ठेवलं होतं.

आतल्या बिंदूचा विभव काढताना दोन चुका ठरलेल्या. एक, आतलं सूत्र घेऊन थेट अनंतापासून इंटिग्रेशन करणं. हे अर्थातच फुगून जातं. दुसरी जरा चोरटी: केंद्रापासून सुरुवात करून तिथे विभव शून्य धरणं, ‘कारण तिथे क्षेत्र शून्य आहे’. क्षेत्र शून्य असलं म्हणून विभव शून्य होत नाही. सपाट पठारावर उतार शून्य असतो, उंची थोडीच शून्य असते?

बरोबर रीत म्हणजे अनंतापासून निघायचं, पृष्ठभागावर थांबायचं, तिथला आकडा लिहायचा, मग सूत्र बदलून पुढे जायचं.

पहिला टप्पा: वि(त्रि) = −जीएम/त्रि

दुसरा टप्पा: वि(आर) = वि(त्रि) − ∫ (−जीएम × आर/त्रि³) डीआर, मर्यादा त्रि पासून आर
= −जीएम/त्रि + जीएम(आर² − त्रि²)/(२त्रि³)
= −जीएम(३त्रि² − आर²)/(२त्रि³)

शेवटच्या सूत्रात आर = त्रि घाला, −जीएम/त्रि परत यायलाच हवं. येतं. सांध्यावर विभव तुटत नाही. क्षेत्राने एखाद्या पातळ कवचापाशी उडी मारली तरी विभव सलगच राहतो. केंद्रावर आर = ०, तिथे वि = −१.५ × जीएम/त्रि, म्हणजे पृष्ठभागाच्या दीडपट खोल.

पोकळ कवच असेल तर दुसऱ्या टप्प्यात इंटिग्रेशन करायलाच काही उरत नाही. आत क्षेत्र शून्य, म्हणून विभव सगळीकडे तोच, −जीएम/त्रि. वर्तुळाकार कड्याच्या अक्षावरही हीच गंमत. कड्याची त्रिज्या क, केंद्रापासून अक्षावरचं अंतर झ. क्षेत्र −जीएम × झ/(झ² + क²)^(३/२), त्यावरून विभव −जीएम/√(झ² + क²). मध्यभागी क्षेत्र शून्य, विभव मात्र −जीएम/क, अक्षावरचा सगळ्यात खोल.

क्षेत्र घटकांत दिलंय तेव्हा

समजा प = −(४क्ष + ३य) आणि फ = −(३क्ष + २य). चाळणी लावू: ∂प/∂य = −३, ∂फ/∂क्ष = −३. पुढे जायला हरकत नाही.

क्षेत्र म्हणजे विभवाच्या उताराची उलट बाजू, म्हणून ∂वि/∂क्ष = ४क्ष + ३य. य ला स्थिर धरून क्ष वर इंटिग्रेशन करा:

वि = २क्ष² + ३क्षय + (फक्त य वर अवलंबून असलेलं काहीतरी)

हे ‘काहीतरी’ फार महत्त्वाचं. साध्या इंटिग्रेशनमध्ये शेवटी एक स्थिरांक येतो. इथे क्ष च्या नजरेतून पाहिलं तर य चं कोणतंही फल स्थिरांकच आहे. ते शोधायला आता य वर विकलन करा: ३क्ष + (काहीतरीचं विकलन). हे −फ, म्हणजे ३क्ष + २य यायला हवं. म्हणून ‘काहीतरी’ म्हणजे य² अधिक एक खराखुरा स्थिरांक. मूळबिंदूवर शून्य धरलं तर

वि = २क्ष² + ३क्षय + य²

या पायरीत क्ष कुठेतरी शिल्लक राहिला तर समजा वर काहीतरी चुकलंय. ‘काहीतरी’च्या विकलनात फक्त य उरला पाहिजे.

आता घाईत होणारी चूक. बरेच जण पहिला घटक क्ष वर, दुसरा य वर इंटिग्रेट करतात आणि दोन्ही उत्तरं सरळ मिळवतात: २क्ष² + ३क्षय + ३क्षय + य². मधलं पद दोनदा आलं. क्ष = १, य = २ वर हे १८ देतं. खरं किती, ते मार्गावरून चालून बघू. आधी क्ष अक्षावरून ० ते १, तिथे य = ०: विभवात २ ची वाढ. मग क्ष = १ ठेवून य ० ते २: ६ + ४ = १० ची वाढ. एकूण १२. उलट क्रमाने जा: आधी य दिशेने ४, मग य = २ ठेवून क्ष दिशेने २ + ६ = ८. पुन्हा १२. आपलं सूत्रही २ + ६ + ४ = १२ सांगतं. अठरा कुठल्याच वाटेने येत नाही.

पुस्तकी गणितांबद्दल जाता जाता एक गंमत. असली सोपी सहगुणकांची क्षेत्रं एसआय एककांत खरी मानली आणि तिसऱ्या दिशेचा घटक शून्य धरला, तर तिथे किती घनतेचं द्रव्य असायला हवं, हेही काढता येतं. या उदाहरणात ते निघतं सुमारे ७१५ कोटी किलोग्रॅम प्रति घनमीटर, श्वेतबटू ताऱ्यांच्या (इंधन संपून आकसलेल्या, अतिदाट ताऱ्यांच्या) पंगतीतलं. गणित करताना याची काळजी करू नका, पण ‘एक किलोचा चेंडू या क्षेत्रात ठेवला’ असं वाचल्यावर हसू आलं तर दाबूही नका.

अनंत जिथे उपयोगाचं नाही

दीर्घिकांच्या बाहेरच्या भागात ताऱ्यांचा आणि वायूचा फिरण्याचा वेग अंतरासोबत फारसा घटत नाही, जवळजवळ सपाट राहतो. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात केलेल्या मोजमापांनी हे ठळकपणे पुढे आणलं. वेग स्थिर, म्हणजे ग = −वेग²/आर. इंटिग्रेशनमधून लॉगॅरिदम येतो:

वि(ब) − वि(अ) = वेग² × ln(ब/अ), जिथे ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम

आता अनंतावर शून्य धरून बघा, उत्तर फुगतं. इथे एखादं ठरावीक अंतर संदर्भ म्हणून घ्यायचं आणि ते लिहायचं. वेग २२० किलोमीटर प्रति सेकंद घेतला तर अंतर दुप्पट झालं की विभव दर वेळी सुमारे ३,३५५ कोटी जूल प्रति किलोग्रॅमने वाढतो, मग ते एकाचं दोन असो की दहाचं वीस. प्रत्यक्षात दीर्घिकेचं वस्तुमान कुठेतरी संपतंच, त्यामुळे हे सूत्र कायम चालत नाही. पण ज्या पट्ट्यात क्षेत्र असं आहे तिथे विभवांतला फरक अगदी ठाम मिळतो. अनंत लांबीच्या सरळ तारेचंही असंच, तिथेही क्षेत्र १/आर ने घटतं.

सूत्रच नसेल, नुसता तक्ता असेल तर

खरी पृथ्वी एकसमान घनतेची नाही. भूकंपलहरींवरून काढलेल्या प्रतिमानांनुसार आतलं क्षेत्र साधारण असं: केंद्रावर ०, १,२२० किलोमीटर त्रिज्येवर (घन गाभ्याची कड) ४.४, ३,४८० वर (द्रव गाभ्याची कड) १०.७, ५,७०० वर १०.०, पृष्ठभागावर ९.८ मीटर/सेकंद². गंमत बघा, खाली उतरताना क्षेत्र आधी जवळजवळ तेवढंच राहतं, मग थोडं वाढतंही.

इथे समलंब चौकोनांची रीत पुरते: दोन टोकांच्या क्षेत्रांची सरासरी गुणिले मधलं अंतर.

० ते १,२२०: २.२ × १२.२ लाख मीटर ≈ ०.२७ कोटी
१,२२० ते ३,४८०: ७.५५ × २२.६ लाख ≈ १.७१ कोटी
३,४८० ते ५,७००: १०.३५ × २२.२ लाख ≈ २.३० कोटी
५,७०० ते ६,३७१: ९.९ × ६.७ लाख ≈ ०.६६ कोटी

बेरीज ४.९ कोटींच्या आसपास. केंद्राकडे उतरताना विभव घटतो, म्हणून पृष्ठभागाच्या −६.२६ मधून हे वजा: केंद्रावर सुमारे −११.२ कोटी. एकसमान गोलाचं सूत्र −९.४ कोटी देतं. वस्तुमान गाभ्यात दाटलेलं असल्यामुळे खरा खड्डा जास्त खोल आहे. तिसऱ्या ओळीत क्षेत्र मधे थोडं खाली झुकतं, आपली सरळ रेष ते पकडत नाही. जास्त अचूक आकडा हवा असेल तर त्या पट्ट्यात आणखी दोन-तीन बिंदू घ्या.

उत्तर उलटं चालवून बघा

मिळालेल्या विभवाचं विकलन करा, ऋण चिन्ह लावा, दिलेलं क्षेत्र परत आलं पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. यात चिन्हाची चूक पकडली जाते, दोनदा मोजलेलं पद पकडलं जातं. संदर्भबिंदूची चूक मात्र पकडली जात नाही, कारण स्थिरांक विकलनात नाहीसा होतो. त्यासाठी वेगळं एकच काम: पायरी १ मध्ये लिहिलेला बिंदू उत्तरात घाला आणि शून्य येतंय का बघा.

अनेक वस्तू असतील तर विभवांची साधी बेरीज करा, दिशांचं झंझट नाही, फक्त सगळ्यांचा शून्यबिंदू एकच ठेवा. अशी बेरीज करताना लहान दिसणाऱ्या क्षेत्राला हलकं समजू नका. पृथ्वीच्या जागी सूर्याचं क्षेत्र ०.००५९ मीटर/सेकंद² आहे, पृष्ठभागावरच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण सोळाशेव्या हिश्श्याएवढं. पण सूर्याचा जीएम १.३२७ × १०^२० आणि अंतर १.४९६ × १०^११ मीटर घालून विभव काढला तर येतो −८८.७ कोटी जूल प्रति किलोग्रॅम, पृथ्वीच्या स्वतःच्या विभवाच्या चौदा पट.